दोन महिने सुटलेली तंबाखू हळदीच्या रात्री पुन्हा तोंडात आली, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 41, शेती. कॉलेजात असल्यापासून चुना-तंबाखू, दिवसाला दोन पुड्या. यंदा पाडव्याला कुलदैवतापुढे शपथ घेऊन सोडली आणि दोन महिने एक चिमूटही घेतली नाही. वैशाखात चुलतभावाच्या हळदीच्या रात्री भावकीतल्या पोरांनी मळून हातावर दिली, तेव्हा एक बार भरला. सकाळी उठल्यावर वाटलं, शपथ मोडलीच आहे. आता तीन आठवडे झाले, पुन्हा दोन पुड्या चालू आहेत. बायको नीट बोलत नाही. 'माझ्यात इच्छाशक्तीच नाही का? आणि आता सगळं पुन्हा शून्यापासून करायचं का?'

दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शून्यापासून करायचं नाही. मी बरीच वर्षं तंबाखूमुक्तीचं समुपदेशन करते आहे. समोर बसलेला माणूस 'सगळं पाण्यात गेलं' म्हणतो, तेव्हा त्याने काय काय पार केलंय ते मी आधी त्याच्याकडून वदवून घेते. तुम्ही सोडल्यावरचे पहिले तीन दिवस काढले होते. डोकं जड होणं, चिडचिड, झोप न लागणं, कशातच लक्ष न लागणं, हे सगळं त्या दिवसांत सर्वांत जास्त असतं आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. तुम्ही त्याच्याही पुढे गेला होता. म्हणजे हळदीच्या रात्री तुमचं शरीर तंबाखूसाठी अडलेलं नव्हतं. मांडव, जागरण, जुनी माणसं आणि पुढे आलेला तळहात यांनी तुम्हाला गाठलं. अडचण नेमकी कुठे आहे ते यावरून कळतं, आणि उपायही तिथेच करायचा आहे.

आता इच्छाशक्तीबद्दल. तुमच्या तंबाखूत चुना असतो. चुन्यामुळे तोंडातला क्षार वाढतो आणि निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून झपाट्याने रक्तात उतरतं. तिथून ते मेंदूपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही. वीस-बावीस वर्षं, दिवसातून पंधरा-वीस वेळा मेंदूला हा झटका मिळाला आहे. त्या प्रत्येक झटक्याची गाठ कशाशी तरी पक्की बसली आहे: सकाळचा चहा, जेवणानंतरची सुपारीची वेळ, बांधावरची विश्रांती, कोणाशी तरी झालेली बोलाचाली. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातले 28.6 टक्के प्रौढ आणि महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखू वापरणारे निघाले. आपल्याकडे त्यात तोंडात धरायच्या तंबाखूचाच वाटा मोठा आहे. एवढ्या सगळ्या माणसांना इच्छाशक्ती नाही असं मी मानत नाही. तुम्ही दोन महिने राहिलात ते याच इच्छाशक्तीवर राहिलात. तुमच्याकडे नव्हती ती हळदीच्या दुसऱ्या दिवशीची तयारी.

तुम्ही दोन घटना एका दमात लिहिल्या आहेत. मला त्या वेगळ्या करून बघायच्या आहेत. पहिली रात्रीची. कोणीतरी मळली, हात पुढे केला, तुम्ही चिमूट उचलली. ते मिनिटाभरात झालं, विचार करायला सवड नव्हती. दुसरी सकाळची. तुम्ही झोपून उठलात, तोंड धुतलं, कपडे केले, टपरीपर्यंत गेलात, पैसे दिले आणि पुडी घेतली. यात तास-दोन तास गेले असतील. त्या तासांत कोणी हात पुढे केला नव्हता आणि आग्रहही केला नव्हता. होतं ते एकच वाक्य: 'मोडलीच आहे.' दादा, तुमचे पुढचे तीन आठवडे रात्रीच्या त्या चिमटीने गेलेले नाहीत. ते या वाक्याने गेले.

अ‍ॅलन मार्लॅट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने यावर आयुष्यभर काम केलं. पुन्हा व्यसनाकडे वळणं कसं रोखायचं यावरचं त्याचं पुस्तक 1985 साली आलं आणि आमच्या क्षेत्रात आजही त्याचाच आधार घेतला जातो. त्याचं म्हणणं असं: एकदा घसरणं वेगळं आणि पूर्ण माघारी जाणं वेगळं. त्या दोन्हींच्या मध्ये माणसाच्या मनात काय घडतं त्यावर पुढचं ठरतं. 'मी घसरलो कारण त्या रात्री अमुक अमुक जमून आलं' असं ज्याला वाटतं, तो सावरायची शक्यता जास्त. 'मी घसरलो कारण मी आहेच तसा' असं ज्याला वाटतं, तो दुसरा बार भरतो, आणि तो बहुतेक वेळा लाज बुडवण्यासाठी भरलेला असतो.

हे समजायला आपल्याला अमेरिकेत जायची गरज नाही. एकादशीच्या दिवशी विसरून तोंडात शेंगदाण्याऐवजी फुटाणा गेला की काही जण म्हणतात, उपास मोडलाच आहे तर आता जेवूनच घेऊ. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी जवळपास हेच मोजून पाहिलं. खाण्यावर बंधन घालून राहणाऱ्यांना त्यांनी आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं खायला दिलं. मिल्कशेक प्यायलेल्यांनी आइस्क्रीम कमी खायला हवं होतं. उलट, ज्यांना तो दिलाच नव्हता त्यांच्यापेक्षा यांनी जास्त खाल्लं. आजचं बंधन मोडलं असं एकदा मनाने घेतलं की पोट भरलेलं असूनही हात थांबत नाही.

शपथेबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसं शपथ घेऊनच सोडायला बघतात. कोणी तुळशीची माळ घालतं, कोणी वारीत चंद्रभागेत पुडी सोडून येतं, कोणी लेकीच्या डोक्यावर हात ठेवतं. मी शपथेच्या विरोधात नाही. माळ घातल्यावर पुन्हा कधी तोंडाला न लावलेली माणसं मी पाहिली आहेत. चारचौघांत नकार देताना माळेचा आधार मोठा असतो, कोणी आग्रह करत नाही. पण आपण घेतो त्या शपथेत एकच कलम असतं, 'कधीच नाही.' ती मोडली तर काय करायचं याचं कलम नसतं. मग एका चिमटीने ती मोडते आणि तिच्यासोबत सगळंच मोडल्यासारखं वाटतं. देवापुढे खोटे पडलो ही बोचणी वर असतेच. त्या बोचणीत माणूस पुन्हा देवळात जायचंही टाळतो.

वास्तविक व्रत मोडलं तर प्रायश्चित्त घेऊन ते पुढे चालू ठेवायची सोय आपल्या परंपरेतच आहे. म्हणून माझी सूचना अशी: पुन्हा त्याच कुलदैवतापुढे जा आणि या वेळी दोन कलमी शपथ घ्या. पहिलं कलम, 'तंबाखू खाणार नाही.' दुसरं कलम, 'कधी चुकून तोंडात गेलीच, तर त्याच क्षणी थुंकेन, चूळ भरेन, त्याच दिवशी घरी सांगेन आणि दुसरी चिमूट घेणार नाही.' लेकीची शपथ मात्र घेऊ नका. घसरलात की लेकराचं काही वाईट होईल या भीतीने माणूस लपवायला लागतो, आणि लपवलेली घसरण फार लवकर पसरते.

आता एक सावधगिरीचा शब्द. मी हे सांगितलं म्हणजे 'एखाद्या वेळी चालतं' असा अर्थ घेऊ नका. सवयीसवयींत फरक असतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केलेला एक अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज चालणं, जेवताना फळ खाणं अशा नव्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते त्यांनी पाहिलं. मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण माणसागणिक तो 18 पासून 254 दिवसांपर्यंत बदलत होता. आणि मधला एखादा दिवस चुकला तरी सवय बसण्यात फारसा फरक पडत नव्हता. चालायला जाण्याचा एक दिवस बुडाला तर मी कोणालाच चिंता करायला सांगणार नाही. तंबाखूचं तसं नाही. निकोटिनची एक चिमूट मेंदूतल्या जुन्या वाटा जाग्या करते, आणि घसरलेल्यांपैकी बरेच जण काही दिवसांत पूर्वीच्या मापावर येतात. तुम्हीही आलात. म्हणूनच पहिल्या चिमटीनंतरच्या तासांना मी इतकं महत्त्व देते. स्वतःला माफ करायचं ते लवकर थांबता यावं म्हणून, खायला मोकळीक मिळावी म्हणून नाही.

आता कामाचं. एक वही घ्या आणि हळदीचा दिवस सकाळपासून लिहून काढा. चिमूट उचलली त्या क्षणापासून सुरुवात करू नका, खूप मागून करा. आदल्या रात्री किती झोप झाली होती? दुपारी जेवण झालं होतं का, की मांडवाच्या गडबडीत चहावरच होता? कोणाशी काही बिनसलं होतं का? हळद लागल्यावर तुम्ही बायका-पोरांत न थांबता मागच्या अंगाला, जिथे तंबाखू मळणारी मंडळी बसतात, तिकडे कशासाठी गेलात? कोणी म्हणालं का, 'दोन महिने सोडली म्हणजे सुटलीच की, आता एकाने काय होतं?' की तुम्हालाच मनातून बघायचं होतं, पकड राहिली आहे का गेली? दारू घेतली होती का, हेही खरं लिहा. दारूच्या दोन घोटांनंतर तंबाखूचा नकार फार कमी जणांना जमतो.

लिहिताना तुम्हाला दिसेल की चिमटीच्या आधी चार-पाच छोटे निर्णय झाले होते आणि त्या वेळी त्यातला एकही तंबाखूचा वाटला नव्हता. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण तंबाखू सोडतात आणि चुन्याची डबी कपाटात ठेवतात, 'वडिलांना लागते' म्हणून. काही जण चहाला जुन्याच टपरीवर जातात, 'तिथला चहा चांगला' म्हणून. मार्लॅट अशा निर्णयांना वरवर असंबद्ध वाटणारे म्हणतो. साखळीतली शेवटची कडी तोडायला सर्वांत अवघड असते. पहिली किंवा दुसरी तोडायला त्यामानाने सोपी. हळदीच्या रात्री समोर आलेला हात नाकारणं कठीण होतं. संध्याकाळी सात वाजता पोटभर जेवून घेणं आणि रात्री मागच्या अंगाला न जाणं कठीण नव्हतं.

मार्लॅट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दारू, सिगारेट, हेरॉइन, जुगार आणि अतिखाणं सोडू पाहणाऱ्यांच्या तीनशेहून जास्त घसरणी तपासल्या होत्या. त्यातल्या जवळपास तीन-चतुर्थांश घसरणी तीनच प्रसंगांत झालेल्या होत्या: मन खट्टू किंवा अस्वस्थ असताना, कोणाशी भांडण झाल्यावर, आणि सोबतच्यांच्या आग्रहाने. तुमची तिसऱ्या प्रकारातली आहे. पहिल्या दोन प्रकारांची तयारीही आताच करून ठेवा, कारण घरात अबोला चालू आहे आणि शेतीत मन खट्टू व्हायला कारण शोधावं लागत नाही.

आग्रहाला काय उत्तर द्यायचं ते शब्दाला शब्द ठरवून ठेवा. आपल्याकडे मळलेली तंबाखू हातावर देणं हा आपुलकीचा भाग असतो, आणि ऐनवेळी नकार सुचत नाही कारण तो तोडून बोलल्यासारखा वाटतो. 'आज नको' म्हणू नका, त्यातून उद्याची वाट मोकळी राहते. 'सोडलीय. आग्रह करू नका, मला जड जातं,' एवढं पुरे. शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे आहेत. माणसं 'सोडलीय' ची थट्टा करतात, पण 'मला जड जातं' म्हटल्यावर भावकीतला माणूस बहुतेक वेळा हात मागे घेतो. हे वाक्य घरी मोठ्याने दहा वेळा म्हणून बघा. हातात चहाचा कप किंवा पाण्याचा तांब्या धरून उभं राहिलात तर आणखी सोपं जातं. पुढच्या लग्नात भावकीतला एखादा न खाणारा माणूस आधीच गाठा आणि त्याला सांगा की मला सोबत लागणार आहे. लग्नं टाळा असं मी सांगणार नाही. गावात राहून ते शक्य नसतं आणि शोभतही नाही.

मला तुमच्या बाबतीत लग्नापेक्षा जास्त काळजी रात्रीच्या पाण्याच्या पाळीची वाटते. शेतीपंपाला लाईट रात्रीची आली की चार-चार तास एकट्याने शेतात काढावे लागतात, झोप आवरत नाही, थंडी असते, आणि त्या वेळी तंबाखू जागं ठेवते असा अनुभव असतो. निकोटिन तरतरी आणतं हे खरंच आहे, त्यामुळे तंबाखूशिवायची पाळी पहिले काही दिवस जड जाणार. दुपारी तासभर झोप काढा. शेतावर जाताना चहाचा थर्मास, भाजलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, ओवा-बडीशेप बरोबर घ्या. जुन्या बंडीचे, जर्किनचे खिसे उलटे करून धुवायला टाका. शेतातल्या खोपीत, मोटारीच्या पेटीवर, ट्रॅक्टरच्या सीटखाली एखादी जुनी पुडी पडलेली असते, ती दिवसाउजेडी शोधून टाकून द्या. रात्री दोन वाजता ती सापडली तर नको. शक्य झालं तर सोडल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात पाळी भावाशी अदलाबदल करून घ्या.

तलफ आली की ती वाढतच जाईल असं वाटतं. तसं होत नाही. ती चढते, काही मिनिटं टिकते आणि उतरते, तंबाखू खाल्ली तरी आणि न खाल्ली तरी. तेवढा वेळ काढायचा आहे. सावकाश पाणी प्या, जागा बदला, कोणाला तरी फोन लावा, लांब श्वास घ्या. तलफ दाबायला गेलात की ती जास्त जाणवते. 'आली आहे, घशाशी आणि जिभेखाली जाणवते आहे, आता उतरेल' असं तिच्याकडे नुसतं बघत राहिलात तर लवकर सुटका होते.

सकाळच्या पोटाचं कोणी उघडपणे विचारत नाही, पण पुन्हा खायला लागणाऱ्यांचं हे एक मोठं कारण आहे. तंबाखू धरल्याशिवाय पोट साफ होत नाही अशी अनेकांची तक्रार असते. ती मनाची नाही. तंबाखू सोडल्यावर काही दिवस बद्धकोष्ठता होते. उठल्यावर दोन पेले कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू, रात्री लागलं तर इसबगोल, आणि रोज ठरल्या वेळी जाऊन बसणं. काही आठवड्यांत आतडी नव्या वेळेला सरावतात. मिश्री लावणाऱ्या बायकांनाही मी हेच सांगते.

तोंडात काहीतरी हवं म्हणून सुपारी मात्र धरू नका. तंबाखू सोडून साध्या सुपारीवर, माव्यावर किंवा विदर्भात खर्र्यावर गेलेली माणसं येतात आणि 'तंबाखू सुटली' म्हणतात. मावा-खर्र्यात तंबाखू असतेच. आणि नुसती सुपारीसुद्धा कर्करोग घडवते, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्येच ते नोंदवलं आहे. तोंड आखडतं तेही सुपारीनेच. बडीशेप, लवंग, वेलदोडा, ओवा, दालचिनीचा तुकडा चालतो. आवळा सुपारी म्हणून मिळते तो वाळवलेला आवळा असतो, त्यालाही हरकत नाही, फक्त पाकिटावर सुपारी घातलेली नाही ना ते वाचून घ्या.

दिवसाला दोन पुड्या म्हणजे अवलंबन बरंच आहे, म्हणून या वेळी निकोटिनची गोळी, म्हणजे चघळायचा गम, वापरायचा विचार जरूर करा. तो 2 आणि 4 मिलिग्रॅममध्ये येतो. तुमच्यासाठी कोणता ते डॉक्टरांना ठरवू द्या, विशेषतः हृदयाचा त्रास किंवा रक्तदाब असेल तर. गम घेणाऱ्यांची नेहमीची चूक ही की ते तो च्युइंग गमसारखा भराभर चघळतात, मग ढेकर, उचकी, मळमळ होते आणि दोन दिवसांत सोडून देतात. सावकाश चार-सहा वेळा चावा. जिभेला चुणचुण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये सरकवून ठेवा. चुणचुण गेली की पुन्हा थोडं चावा. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत घेऊ नका, आंबटपणामुळे निकोटिन शोषलं जात नाही. तंबाखू आणि गम एकत्र चालू ठेवू नका. गमने पुरेसं होत नसेल तर डॉक्टर लिहून देतात अशी औषधंही आहेत.

आता तारीख. हळदीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही भेटला असता तर मी नवी तारीख ठरवूच दिली नसती, तसंच पुढे चला म्हटलं असतं. पण आता तीन आठवडे दोन पुड्यांवर गेले आहेत, शरीर पुन्हा सरावलं आहे, म्हणून चार-आठ दिवसांत येणारी एक तारीख ठरवा. आषाढीची, श्रावणाची, पुढच्या सोमवारची वाट बघू नका. शुभ दिवसाची वाट बघण्यात पुड्या वाढतात, 'शेवटचंच खाऊन घेऊ' म्हणून. त्याआधीच्या दिवसांत वहीतली साखळी लिहून काढा, गम आणून ठेवा, खिसे रिकामे करा, आणि रोजची पहिली पुडी तासाभराने पुढे ढकलत जा. दिवस मोजायची सवय असेल तर पाडव्यापासूनचे सगळे मोजा. दोन महिने बिनतंबाखूचे, तीन आठवडे तंबाखूचे, आणि पुढचे बिनतंबाखूचे. कॅनडातल्या सिगारेट ओढणाऱ्यांवरच्या एका अभ्यासाचा 2016 मधला निष्कर्ष असा होता की काहींना कायमचं सुटेपर्यंत तीसहून जास्त प्रयत्न लागू शकतात. तुम्हाला तेवढे लागतील असं नाही. पण दुसऱ्या प्रयत्नाला उभा असलेला माणूस नापास झालेला नसतो.

वहिनींबद्दल. त्यांचा अबोला मला समजतो. दोन महिन्यांत त्यांनी सगळ्या नातेवाइकांत तुमचं कौतुक केलं असेल, आणि घसरल्याचं त्यांना तुमच्या तोंडून नाही, वासावरून नाहीतर खिशावरून कळलं असेल. त्यांना बार भरल्याचा राग असेलच, पण लपवल्याचा जास्त आहे. आज त्यांच्यासमोर बसा. कारणं देऊ नका, लग्नाचं आणि पोरांचं नाव काढू नका. अमुक तारखेला पुन्हा सोडतोय, पुन्हा चूक झाली तर तुला त्याच दिवशी सांगेन, एवढंच म्हणा. आणि हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या, कारण पुढचं मी त्यांना सांगते आहे.

वहिनी, ते येऊन सांगतील त्या दिवशी फक्त एक करा: पहिली पाच मिनिटं काही बोलू नका. त्यांनी सांगितलं यालाच आपण धरून राहायचं आहे. खिसे तपासणं, तोंडाचा वास घेणं, मुलांसमोर टोमणे मारणं यांनी कोणाची तंबाखू सुटलेली मी पाहिली नाही, लपवायची जागा तेवढी बदलते. विचारायचंच तर 'खाल्ली का?' याऐवजी 'आज कधी जड गेलं?' असं विचारा. आणि तुम्हाला स्वतःला राग येतो, तो गिळून ठेवायला मी सांगत नाही. तो त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी, शांतपणे बोला, किंवा समुपदेशकाकडे तुम्हीही या.

एकट्याने हे ओढू नका. जिल्हा रुग्णालयात तंबाखूमुक्ती केंद्र असतं, तिथे समुपदेशन होतं. पुडीवर छापलेला 1800-11-2356 हा क्रमांक सरकारचा आहे, फोन मोफत आहे, आणि सोडायची तारीख ठरवण्यापासून नंतरच्या विचारपूशीपर्यंत ते मदत करतात. पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण सुरू झालं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या व्यसनमुक्तीच्या कामाने एक गोष्ट पक्की शिकली आहे: सुटल्यानंतरचा पाठपुरावा हा उपचाराचाच भाग आहे. तंबाखू सुटली की केंद्रात जायची लाज वाटते, आता कशाला म्हणून. घसरल्यावर तर जास्तच वाटते. दोन्ही वेळा जा. आम्ही हजेरी घेत नाही आणि रागावतही नाही.

एक काम मात्र तारखेची वाट न बघता या आठवड्यात करा. उजेडात आरसा घेऊन गालाच्या आत, हिरड्यांवर, जिभेखाली आणि जिथे तुम्ही बार धरता तिथे नीट बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ, तिखट लागताच आग होणं, किंवा तोंडात आपली तीन बोटं उभी न मावणं, यातलं काहीही आढळलं तर दुखत नसलं तरी दातांच्या किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. काही आढळलं नाही तरी वीस वर्षांच्या तंबाखूनंतर एकदा तपासून घ्या. तिथे 'अजून खाता का?' विचारलं तर खरं सांगा, आणि सोडायची ठरवलेली तारीखही सांगा.